हळदीचा कस उजेडाने मोजतात तो असा

सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा अजूनही बराचसा डोळ्यांवर चालतो. हळकुंडाची लांबी, चकाकी आणि मोडल्यावर दिसणारा आतला रंग पाहून बोली चढते किंवा अडते. पण अर्क काढणारे कारखानदार विचारतात, "कुर्क्युमिन किती टक्के?" हे डोळ्यांना सांगता येत नाही. पॉलिश करताना वरून रंग चढवला की हलका मालही झळकतो. म्हणून हा आकडा निघतो कसा, हे हळद लावणाऱ्या घराने समजून घेतलेले बरे.

कुर्क्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा रंग. पांढऱ्या उजेडातला जांभळा-निळा भाग हा रंग गिळतो, म्हणून हळद पिवळी दिसते. रंग जितका जास्त, तितका उजेड जास्त गिळला जाणार. युक्ती एवढीच.

प्रयोगशाळेत ०.१ ग्रॅम पूड तोलून अल्कोहोलमध्ये उकळत ठेवतात, कारण पाण्यात हा रंग नीट उतरत नाही. द्रावण गाळून १०० मिलिलिटर करतात आणि त्यातले २० मिलिलिटर घेऊन २५० पर्यंत पातळ करतात. मग एक सेंटिमीटर रुंदीच्या चौकोनी काचनळीत भरून त्यातून ४२५ नॅनोमीटरचा जांभळट निळा उजेड सोडतात. उजेडाचा दहावा हिस्सा पलीकडे पोचला तर यंत्र १ दाखवते, शंभरावा पोचला तर २. शुद्ध कुर्क्युमिन लिटरला २.५ मिलिग्रॅम असले की सुमारे ०.४२ येतात. समजा, आपल्या नमुन्यानेही ०.४२ दाखवले. आपल्या पातळ द्रावणात लिटरला हळद ८० मिलिग्रॅम, त्यात रंग २.५, म्हणजे ३.१ टक्के. बहुतेक हळदी २ ते ६ टक्क्यांत बसतात.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात उडतो, हे आपल्या भगिनींना शाळेत न जाताही ठाऊक आहे. हळदीला चुना देऊन कुंकू करतात तेही त्याच गुणाने. म्हणूनच प्रयोगशाळेत साबणाचा अंश राहिलेली काच चालत नाही, आणि द्रावण उन्हापासून जपावे लागते.

यंत्र मात्र भोळे आहे. कुर्क्युमिनची दोन भावंडे हळदीत असतात, ती त्याच आकड्यात मोजली जातात. मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग मिसळला असेल, तर तोही हळदीच्याच खात्यावर जमा होतो. भेसळीचा संशय असल्यास वेगळी तपासणी सांगावी लागते.

माझ्या मते यंत्रापेक्षा जास्त घोळ नमुन्यात होतो. वरच्या पोत्यातली निवडक हळकुंडे पुडीत बांधून पाठवली, तर आकडा त्या पुडीचा येतो, ढिगाचा नव्हे. बऱ्याच पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढावी, एकत्र कालवावी आणि त्यातली पाव किलो द्यावी. गड्डे आणि हळकुंडे वेगळी विकायची असतील तर नमुनेही वेगळे.

अहवाल आल्यावर आकड्याशेजारी ओलावा लिहिला आहे का, ते आधी पाहावे. खडखडीत कोरडी धरून ५ टक्के असलेली हळद ८ टक्के ओलाव्याला ४.६ दाखवते, आणि तीच १६ टक्क्यांना ४.२.