वर्दीतला नाच आणि त्याची सजा

15 ऑगस्ट 2024. नागपूरच्या तहसील पोलीस ठाण्यात झेंडावंदन आटोपलं, गाणी लागली, आणि चार पोलीस कर्मचारी, दोन पुरुष नि दोन महिला, अंगावरच्या वर्दीनिशी 'खइके पान बनारसवाला'वर नाचले. 1978 च्या 'डॉन'मधलं हे गाणं आजही वरातीत हमखास वाजतं. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं, चित्रफीत गावोगाव फिरली आणि आठवडाभरात चौघंही निलंबित झाले.

आमच्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला ही बातमी दूरची वाटत नाही. दिवस उजाडायच्या आत इथली पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी रस्त्याच्या कडेनं धावत असतात. पोरांची सोळाशे मीटर धाव, शंभर मीटर धाव आणि गोळाफेक, तिन्ही मिळून 50 गुण. एकेका गुणासाठी वर्षवर्ष घाम गाळून मिळवायची ती वर्दी. त्यामुळे चहाच्या टपरीवर असा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "नाचले त नाचले, चोऱ्या थोड्याच केल्या!" दुसरा लगेच म्हणतो, "पण वर्दीत नाचले ना बावा!"

दोघांच्याही म्हणण्यात वजन आहे. मात्र सगळ्या गमती एका मापानं मोजता येत नाहीत. नागपूरच्या चौघांचा नाच झेंडावंदन उरकल्यावरचा. लंडनमधली गोष्ट वेगळी होती. 2014 साली बकिंगहॅम राजवाड्यावरच्या एका पहारेकऱ्याची चित्रफीत जगभर गाजली. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, हाती बंदूक. ठरलेल्या पावलांनी येरझारा घालता घालता गडी मधेच स्वतःभोवती गिरक्या घेतो, बंदूक हातात खेळवतो. बघे खुशीत होते. ब्रिटिश संरक्षण खात्यानं मात्र चौकशी लावली. हा माणूस प्रत्यक्ष पहाऱ्यावर होता, हत्यारासह. त्याचा दोष नागपूरकरांहून मोठा धरायला हवा.

याच राजवाड्याची एक जुनी हकिकत यापेक्षा जास्त शिकवते. पूर्वी इथले पहारेकरी कुंपणाबाहेर, थेट गर्दीत उभे असत. येणारे-जाणारे त्यांना डिवचत, अंगचटीला येत. 1959 मध्ये एका शिपायाची लाथ पर्यटक बाईच्या घोट्याला लागली. त्याला दहा दिवस बराकीबाहेर पडायला बंदी झाली. पण अधिकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी पहारेकऱ्यांच्या जागाच कुंपणाच्या आत हलवल्या. शिपाई चुकला हे खरं, पण त्याला उभं केलेली जागाही चुकीची होती, हे त्यांनी ओळखलं.

ताठ उभं राहणं बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. गुडघे घट्ट आवळून माणूस निश्चल उभा राहिला की पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो, मेंदूला ते कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झेंडावंदनाच्या रांगेत एखादं उपाशीपोटी आलेलं पोर कोसळताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. लंडनमध्ये जून 2023 च्या संचलन-सरावात उन्हानं काही सैनिक असेच कोसळले. म्हणून जाणते उस्ताद नव्या जवानाला बुटाच्या आत बोटं हलवत राहायला सांगतात. तासन्‌तास असं उभं राहिलेल्या देहाला मधेच थट्टा सुचणं हा माणसाचा स्वभाव आहे. तो आवरायला शिकवणं हे उस्तादाचं काम.

शिवाय काही नाट्य हुकमानंच होतं. अटारी-वाघा सीमेवर 1959 पासून रोज संध्याकाळी झेंडे उतरतात, तेव्हा कपाळाला भिडणारी लाथ आणि मिशीला दिलेला पीळ कवायतीचाच भाग असतो. 2010 मध्ये दोन्ही बाजूंनी हा आवेश कमी करायचं ठरवलं. मुंबई पोलिसांचं 'खाकी स्टुडिओ' हे बँडपथक वर्दी घालूनच जेम्स बाँडची धून वाजवतं, आणि लोक त्याचं कौतुक करतात. म्हणजे खाकीला सूर-ताल वर्ज्य नाही.

कायद्यालाही लहानमोठं कळतं. सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 36 नुसार पहाऱ्यावर झोपलेल्याला शांततेच्या काळातही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कारण तिथं इतरांचा जीव टांगणीला लागतो. त्याच कायद्याचं कलम 80 कमांडिंग ऑफिसरच्या हाती साध्या शिक्षा देतं: 28 दिवसांपर्यंत लाइनमध्ये अडकवणं, जादा पहारा, नुसता ठपका. महाराष्ट्र पोलिसांच्या नियमांतही बडतर्फीच्या कितीतरी खाली जादा कवायत आहे. चौकशीपुरतं निलंबन कायद्याच्या भाषेत शिक्षा नव्हे. पण निलंबित शिपायाला सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि घराचा हप्ता, पोरांची फी अर्धी होत नाही. नागपूरच्या चौघांसाठी आठवडाभर पहाटेची जादा कवायत पुरली असती. लंडनच्या पहारेकऱ्याला मात्र काही काळ पहाऱ्यावरून काढायलाच हवं होतं.

हसू आलं की शिस्त गेली, ही समजूत या मातीत तरी टिकू नये. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले. कीर्तनात ते समोरच्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत, सभा पोट धरून हसे. तेच बाबा कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडत, आणि त्या कामात कुचराई खपवून घेत नसत.

इकडे तालुक्याच्या गावी झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, होमगार्डची रांग उन्हात काठीसारखी उभी असते. 'विसर्जन'चा हुकूम सुटल्यावर कोणी टोपी काढून कपाळावरचा लाल वळ चोळतो, कोणी शेजाऱ्याच्या चुकलेल्या पावलाची हुबेहूब नक्कल करून दाखवतो, आणि ज्याचं पाऊल चुकलं होतं तोच सगळ्यात मोठ्यानं हसतो. तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहा येतो.