बॉम्ब कॅलरीमीटर : बटण दाबण्याआधी

कोळशाची प्रत तपासताना काल एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, बॉम्बमध्ये आधीच पाणी का घालायचं?" प्रश्न फार आवडला.

बॉम्ब म्हणजे जाड पोलादी भांडं, आत साधारण १ ग्रॅम नमुना आणि सुमारे ३० बार दाबाचा ऑक्सिजन. तळाशी घातलेल्या १ मिलि पाण्यामुळे आतली हवा बाष्पाने संपृक्त राहते, त्यामुळे ज्वलनातून तयार होणारं पाणी द्रवरूपातच मोजलं जातं. तयार होणारी आम्लंही त्यात विरघळतात.

नमुना भुकटी असेल तर गोळी करून घ्या, नाहीतर ती क्रुसिबलबाहेर उडते.

आता सुरक्षितता. इथे घाई अजिबात नको.

ऑक्सिजनच्या जोडण्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. ओ-रिंग दर वेळी तपासा. जास्त नमुना म्हणजे जास्त अचूकता, हा समज धोकादायक आहे.

बॉम्ब पाण्यात बुडवल्यावर सतत बुडबुडे आले, तर गळती आहे. फायर करू नका. बटण दाबताना आणि नंतर किमान २० सेकंद उपकरणावर वाकू नका.

शेवटी दाब सावकाश सोडा, एक मिनिट तरी लागू द्या. आत काजळी दिसली तर ज्वलन अपुरं झालंय. ते वाचन बाद.

प्रमाणीकरणासाठी बेंझोइक आम्ल वापरतात, ग्रॅममागे सुमारे २६.४ किलोज्यूल. प्रमाणीकरणाच्या गणिताबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.