घ्राणशक्तीचे प्रशिक्षण आणि संगणकीय साधने

स्वयंपाकाचा गॅस मुळात जवळजवळ गंधहीन असतो. गळती त्वरित ध्यानात यावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळण्यात येते. परंतु ज्याची घ्राणशक्ती लोपली आहे, त्याला हा इशारा मिळतच नाही. २०२० मधील कोविडच्या साथीत असंख्य रुग्णांना वास येईनासा झाला, तेव्हा या उपेक्षित इंद्रियाचे महत्त्व सर्वांना पटले.

नाकाच्या वरच्या भागातील गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. घ्राण-प्रशिक्षणाला याच गुणधर्माचा आधार आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात रुग्णांनी गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगले. प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात अधिक सुधारणा दिसून आली.

असा नियमितपणा टिकविणे कठीण असते. येथे मोबाइलवरील ॲप उपयोगी पडते. ते वेळेची आठवण देते, कोणता गंध कितपत जाणवला याची नोंद ठेवते आणि प्रगतीचा आलेख दाखविते. अचूक मोजमापासाठी संगणक-नियंत्रित उपकरणेही आहेत. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोविडकाळात अशा उपकरणाने रुग्णांची घ्राणक्षमता तपासली.

अर्थात, हुंगण्याचे काम रुग्णालाच करावे लागते आणि प्रत्येकाला पूर्ण गुण येईलच असे नाही. म्हणून वास येईनासा झाल्यास प्रथम तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे, हेच श्रेयस्कर होय.