लेकीच्या बाळंतपणाला युरोपात जाताना

पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी, हा शिरस्ता. डोहाळजेवण झालं की लेक माहेरी यायची आणि आई डिंकाचे लाडू वळायला घ्यायची. आता लेकच जर्मनीत. नोकरी टाकून तिला येता येत नाही, म्हणून आईनंच माहेर पिशवीत भरून तिकडे जायचं! तुमच्याही ओळखीत अशा चारजणी असतील. तिकिटाचं काय, ते जावई काढून देतात. खरी परीक्षा व्हिसाची. त्या परीक्षेत मी एकदा नापास झाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही सांगलीचे. हे शाळेत नोकरीला, मी घर सांभाळणारी. लेकीचे दिवस एप्रिलमध्ये भरणार होते. फेब्रुवारीत ओळखीच्या एका एजंटाकडे कागद दिले. तो म्हणाला, "काकू, बाळंतपण-बिळंतपण लिहू नका, पर्यटन लिहा. आणि खात्यावर जरा पैसे दिसू द्या." यांनी लगोलग माझ्या खात्यावर तीन लाख भरले. झालं! अर्जात पर्यटन, लेकीच्या पत्रात 'आई मदतीला येते आहे', आणि दोन-चार हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात एकदम तीन लाख. नकार आला नसता तरच नवल. छापील कागदावर दोन चौकोनांत खुणा होत्या. प्रवासाचं कारण पटत नाही, आणि मुदतीत परत जाल याविषयी शंका आहे.

त्या दिवशी मी जेवले नाही. तिकडे राहून मी काय करणार होते बाई? माझं सगळं इथेच! पण हे त्या साहेबाला कसं कळावं? त्याच्यापुढे मी नसते, माझे कागद असतात.

आधी नियम समजून घ्या

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे पाच देशांनी आपसातल्या सीमेवरची तपासणी हळूहळू उठवण्याचा करार केला. आज असे २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. अर्ज करायचा तो जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. शिवाय अर्ज केंद्रात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. तेव्हा लेकीनं गोड बातमी सांगितली की पासपोर्ट काढून बघायचा. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. केंद्राचा आकार वेगळा. नकार आला तर हे पैसे परत मिळत नाहीत. प्रवासाचा वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो.

आणि मुक्काम? कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. 'तीन महिने राहीन, आठवडाभर घरी येईन, पुन्हा जाईन' हा हिशेब तिथे चालत नाही. सहा महिने राहायचा बेत असेल तर विहीणबाईंशी आधीच बोलून पाळ्या लावून घ्या!

गृहिणीनं काय दाखवायचं?

दुसऱ्या खेपेला अर्ज मी स्वतः भरला, लेक फोनवर सांगत होती. कारणाच्या जागी सरळ लिहिलं, कुटुंबाची भेट. सोबतच्या पत्रात एका पानात सगळं खरं सांगितलं: लेकीचं बाळंतपण आहे, इतके दिवस राहीन, अमुक तारखेला परत येईन, यांची नोकरी इथे आहे.

लेकीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन 'आईच्या खर्चाची जबाबदारी माझी' असं रीतसर हमीपत्र करून घेतलं आणि मूळ प्रत पाठवली. यांच्या पगाराचे कागद, आयकराची विवरणपत्रं, दोघांच्या नावावरच्या घराचा कागद, माझ्या जुन्या मुदत ठेवीच्या पावत्या जोडल्या. पैसा थोडा असला तरी चालतो, पण तो तुमचा आणि नेहमीचा दिसला पाहिजे. पहिला नकारही लपवला नाही. तो त्यांच्या संगणकात असतोच.

मोठा घोळ झाला तो नावांचा. आमच्या वेळी लग्नात नाव बदलायचे. लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत नुसतं आद्याक्षर! ही सगळी बाई एकच, हे सांगायला विवाह नोंदणीचा दाखला कामी आला. तो मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. ज्यांनी विवाह नोंदवलेला नाही त्यांनी तो आजच नोंदवावा.

बोटांचे ठसे

पुण्याच्या केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. माझे उमटेनात! तीस वर्षं भांडी घासून रेषाच झिजलेल्या. तिथल्या मुलीनं हात पुसायला लावून तीन-चार वेळा प्रयत्न केले तेव्हा जमलं. जायच्या आधी आठवडाभर रात्री हाताला खोबरेल चोळा. मेंदी मात्र काढू नका. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्या मुदतीत पुन्हा गेलात तर सहसा द्यावे लागत नाहीत.

व्हिसा हाती आल्यावर

चिकटवलेला कागद नीट वाचा. तारखा आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी. तारखांचं अंतर मोठं असलं तरी राहायचं तेवढेच दिवस, जेवढे त्यावर लिहिलेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे, तेव्हा 'एखाद्या दिवसानं काय होतंय' म्हणू नका.

आणि साजूक तुपाची बरणी, पेढे, खवा घरीच ठेवा. दुधाचे नि मांसाचे पदार्थ बाहेरून तिकडे नेता येत नाहीत. मी डिंक आणि खारकेची पूड नेली, लाडू तिथल्या लोण्याचं तूप कढवून केले.

माझा पासपोर्ट हाती आला तेव्हा नात सहा दिवसांची झाली होती. लेकीच्या कळा मी सांगलीत फोन कानाला लावून ऐकल्या. तो एक चुकीचा शब्द, 'पर्यटन', मला तेवढ्याला पडला. बाराव्या दिवशी मात्र पाळण्याची दोरी माझ्या हातात होती.

म्हणून सांगते मैत्रिणींनो, कागद लवकर गोळा करा आणि अर्जात खरं तेच लिहा. आई लेकीकडे जाते आहे, यात लपवण्यासारखं आहे काय?