परत येण्याचा पुरावा

पुण्यात शनिपाराच्या अलीकडे, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तेथेच असलेल्या अरुंद खोलीत एक गृहस्थ बसतात. सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशी जाणाऱ्यांची व्हिसाची प्रकरणे तयार करून देण्याचा व्यवसाय पत्करला. पाटीवर 'कन्सल्टंट' असे लिहिलेले असले, तरी तिकिटे काढून देणे किंवा सहलींचे दर सांगणे हे त्यांचे काम नव्हे. अर्जदाराने कापडी पिशवीतून आणलेले दाखले, पावत्या, खातेउतारे आणि घड्यांवर विरलेले दस्तऐवज टेबलावर पसरावयाचे, आणि ज्या अधिकाऱ्याने हा मनुष्य कधी पाहिला नाही व पुढेही बहुधा पाहणार नाही, त्याला थोडक्या अवकाशात वाचता येईल असे त्या माणसाचे चरित्र त्यांतून रचावयाचे, हा त्यांचा खरा उद्योग. कर्जप्रकरणे तपासण्यात ज्याची हयात गेली त्याला हे काम साधावे यात नवल नाही, कारण दोन्हीकडे विचारावयाचे ते एकच: गेलेले परत येईल कशावरून?

अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातील 214 (ब) या कलमात हा संशय निःसंकोचपणे नमूद केलेला आहे. पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा इसम कायमचे बिऱ्हाड करण्याच्याच हेतूने येत आहे असे समजावयाचे, आणि तसे नाही हे अधिकाऱ्याचे समाधान होईपर्यंत शाबीत करण्याचा भार त्या इसमावर टाकावयाचा, असा त्याचा आशय. युरोपाची भाषा अधिक मवाळ आहे. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीतील एका बोटीवर, 14 जून 1985 रोजी पाच देशांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्याची व्याप्ती आता 29 देशांपर्यंत गेली असून त्या सर्वांत एकच व्हिसा चालतो; परंतु तो नाकारताना जो छापील नमुना अर्जदाराच्या हाती पडतो त्यातील एका चौकटीपुढे, मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याविषयी वाजवी शंका आहे, अशा अर्थाचे वाक्य असते, आणि आमच्या या गृहस्थांकडे नकार घेऊन येणाऱ्यांच्या कागदावर खूण बहुधा त्याच चौकटीत असते. पुढे घडावयाच्या गोष्टीचा पुरावा मागच्या कागदांवरून द्यावयाचा, ही या सर्व खटाटोपातील मूळ अडचण होय.

ती अडचण किती खोल जाऊ शकते हे मला जुन्नर तालुक्यातून आलेल्या एका शेतकरी दांपत्याचे प्रकरण उभे राहताना दिसले. त्यांची मुलगी व जावई म्युनिकला नोकरीस असून मुलीचे पहिले बाळंतपण तेथेच व्हावयाचे होते. पहिलटकरणीने माहेरी यावे हा आपला शिरस्ता. पण मुलीला येता येत नाही म्हणून माहेरच उठून तिच्याकडे निघाले होते. शेंगेनच्या नियमाप्रमाणे कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांहून अधिक राहण्याची मुभा नाही, आणि त्या हिशेबात पोहोचण्याचा दिवस व निघण्याचा दिवस हे दोन्ही धरले जातात. बाळ वेळेआधी आले तर आई तेथे असावी, आणि सव्वा महिना झाल्यावर लगेच तिला निघावे लागू नये, या दोन टोकांमध्ये तारखा बसवताना गृहस्थांनी कॅलेंडरावर पेन्सिलीने कितीतरी रेघा ओढल्या व पुसल्या. शेवटी आईने जवळजवळ पूर्ण मुदत मागावी आणि वडिलांनी बारशापुरते तीन आठवडे जाऊन कांद्याच्या लागवडीला परत यावे असे ठरले. एवढे लांबलचक वास्तव्य मागितले तर शंका येणारच, हे त्यांना ठाऊक होते. पण कारण खरे असेल तर दिवस कमी मागून ते लपवण्यात अर्थ नसतो, असे त्यांचे मत. जर्मनीत गरोदर स्त्रीला जी 'मुटरपास' नावाची नोंदवही मिळते, तिच्यातील प्रसूतीची अपेक्षित तारीख दाखवणाऱ्या पानाची प्रत त्यांनी मुलीकडून मागवून घेतली.

मग पिशवी उघडली. प्रथम पासपोर्ट. शेंगेनकरिता तो मागील दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला लागतो. दोघांचेही पासपोर्ट नवे, 36 पानांपैकी एकावरही शिक्का नसलेले होते. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक युरोप असल्या पुस्तिकेवाचून हिंडता येत असे, आणि 1920 साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील परिषदेत तिचा नमुना ठरला व त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला, हे आठवले की शंभर वर्षांत माणसाने विमाने कितीही वेगवान केली तरी निघण्यापूर्वीचा काळ किती लांबवला आहे याचा अचंबा वाटतो.

पासपोर्टांत एक गंमत होती. दोघांचीही जन्मतारीख 1 जून. महाराष्ट्राच्या खेड्यांत त्या पिढीच्या असंख्य माणसांचा जन्म याच दिवशी झालेला आहे, कारण घरी तिथी कोणी टिपून ठेवलेली नसे आणि शाळेत नाव घालताना पहिलीला लागणारे वय बसेल अशा बेताने मास्तर जूनची पहिली तारीख लिहून मोकळे होत. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण पती-पत्नी एकाच दिवशी जन्मलेले पाहून परक्या अधिकाऱ्याची भुवई वर जाऊ नये म्हणून गृहस्थांनी सोबतच्या पत्रात त्याचा दोन ओळींत खुलासा केला. नावाची तऱ्हा याहून बिकट. बाईंच्या पासपोर्टात नावापुढे 'बाई' जोडलेले, आधारकार्डात ते गाळलेले, आणि बँकेत नवऱ्याचे नाव मध्ये घालून आडनावाचे स्पेलिंग तिसऱ्याच प्रकारचे. ही सर्व माणसे एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

यानंतर गृहस्थ ज्याला 'मुळांचे कागद' म्हणतात त्यांची पाळी आली. अर्ज, पत्र, फोटो, तिकिटाचे आरक्षण, विमा आणि यजमानाची हमी हे सर्व फाइलीत वर लागते. पण तळाशी जे लागते त्याने अर्जदार गावात किती रुतलेला आहे हे दाखवावयाचे असते. नोकरदाराचे हे काम सोपे, कारण पगारपत्रक, रजा मंजूर झाल्याचे पत्र आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडली की बहुतेक भागते. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, म्हणून शेतकऱ्याजवळ विवरणपत्रही नाही. आणि जो कर भरत नाही त्याला उत्पन्न नाही, अशी समजूत होण्याचा धोका उभा राहतो. सातबारा होता, पण त्यावर तीन भावांची नावे सामाईक. त्याचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले, हेक्टर-आर, विहीर, पोटखराबा, इतर हक्क यांसह. गृहस्थ म्हणाले, "जमीन आहे एवढंच यातून दिसतं. जमीन तर पळून जाणाऱ्याचीही असते."

खातेउताऱ्याची पाने उलटताना मात्र त्यांचा हात एका ठिकाणी थांबला. दर दहा दिवसांनी एक बारीक रक्कम जमा होत होती; कधी थोडी कमी, कधी थोडी अधिक, पण खंड नाही.

"हे काय, भाऊ?"

"दुधाचं बिल, साहेब. डेअरीचं."

"किती जनावरं?"

"दोन गाया आन् एक म्हस."

ज्या कागदावर त्या माणसाला काही सांगण्यासारखे आहे असे वाटलेच नव्हते, त्यातून गृहस्थांनी प्रकरणाचा कणा काढला. दूध संस्थेच्या सचिवाचा दाखला मागवला. नारायणगावच्या बाजार समितीतील आडत्याच्या पट्ट्या, ज्या सुतळीने बांधून पिशवीच्या तळाशी टाकलेल्या होत्या, त्या तारीखवार लावून खात्यात त्याच सुमारास जमा झालेल्या रकमांशी पडताळल्या. आणि जावयाने आदल्याच आठवड्यात प्रेमाने पाठवलेली मोठी रक्कम कोठून व का आली याचा खुलासा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवला, कारण अर्जाच्या तोंडावर खाते एकाएकी फुगलेले दिसणे ही गोष्ट पाहणाऱ्याला रिकाम्या खात्याहूनही अधिक संशयास्पद वाटते.

बाईंच्या बाबतीत यांपैकी काहीच उपयोगी पडेना. घर नवऱ्याच्या नावे, जमीन सासऱ्याकडून आलेली, डेअरीचे खातेही नवऱ्याचे. धार मात्र दोन्ही वेळा त्याच काढीत. जिच्यावाचून ते घर एक दिवस चालत नाही, आणि म्हणूनच जी हमखास परत येणार, तिच्या परत येण्याचा एकही कागद घरात नव्हता. स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर व घराच्या उताऱ्यावर असावे हे आपण तिच्या हक्काच्या दृष्टीने बोलत असतो. ते नाव नसल्याचा भुर्दंड तिला म्युनिकच्या वाटेवर असा पडेल ही गोष्ट माझ्या तरी ध्यानात आली नव्हती. गृहस्थांनी दोघांचे अर्ज एकत्र द्यावयाचे, विवाहाचा दाखला वर ठेवावयाचा आणि पतीचे कागद पत्नीच्या फाइलीत पुन्हा जोडावयाचे असा तोडगा काढला. मुलीने तेथील परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन सही केलेले हमीपत्र, ज्याचे जर्मन नाव उच्चारण्याचा प्रयत्न या खोलीत कोणी करीत नाही, मूळ स्वरूपात कुरियरने आले होतेच. त्यान्वये आईवडिलांच्या खर्चाची जबाबदारी तिने सरकारपाशी पत्करली होती. विमा निदान 30,000 युरोचा लागतो, व त्यात आजारपणाबरोबरच मृत्यू ओढवल्यास होणाऱ्या खर्चाचीही तजवीज असावी लागते. ते कलम वाचून दाखवले तेव्हा भाऊ म्हणाले, "म्हणजे मेलो तरी माघारी आणणार. मग काळजी कशाची?"

फोटोसाठी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जावे लागले. 35 बाय 45 मिलिमीटर, पाठीमागे फिकट रंग, हनुवटीपासून माथ्यापर्यंत चेहरा स्पष्ट. बाईंच्या डोक्यावर पदर होता. छायाचित्रकाराने तो खाली घेण्यास सांगताच त्यांनी प्रथम नवऱ्याकडे, मग दाराकडे पाहिले. दाराशी मी उभा होतो, तो बाहेर गेलो. फोटो आला त्यात त्यांची मुद्रा रागीट दिसत होती. गृहस्थांनी फूटपट्टी लावून चेहऱ्याची उंची मोजली आणि "चालेल" म्हणाले.

अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात बोटांचे ठसे घेतले जातात: उजव्या हाताची चार, डाव्याची चार, मग दोन्ही अंगठे. माझ्यासारख्याचे हे काम क्षणात आटोपते. या दांपत्याच्या बोटांवर मात्र यंत्राला रेषाच सापडेनात. खुरप्याने, दोरखंडाने आणि मातीने त्या झिजून गेलेल्या होत्या. काउंटरवरील तरुणीने ओल्या कागदी रुमालाने बोटे पुसली, मग कोरड्या रुमालाने, मग स्वतःच्या हाताने एकेक बोट काचेवर दाबून धरले. पडद्यावर तांबडी चौकट हिरवी होई आणि पुन्हा तांबडी होई. "काकू, जरा जोर लावा," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "जोर लावूनच तर गेल्यात त्या." मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली, तरी त्या मुलीने घाई केली नाही. ठसे एकदा घेतले की 59 महिन्यांपर्यंत पुढील अर्जास तेच चालतात, हे ऐकून बाईंना बराच दिलासा मिळाला. प्रत्येकी 90 युरोचे शुल्क, त्यावर केंद्राची फी. अर्ज नामंजूर झाला तरी यातील काही परत मिळत नाही.

निर्णयासाठी 15 दिवसांची मुदत असते, ती 45 पर्यंत वाढवता येते. या अवधीत सांगण्यासारखे काही घडत नाही. लोक फोन करतात आणि गृहस्थ फोन उचलतात.

व्हिसा दोघांनाही मिळाला. तो चिकटवलेले पान गृहस्थ भिंगाखाली धरून वाचतात, आणि या वाचनातच त्यांच्या मते निम्म्या संकटांचे निवारण असते. कारण 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' हा काळ आणि त्याखालचा दिवसांचा आकडा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रवास मागेपुढे व्हावा म्हणून तारखा काही दिवस सैल ठेवलेल्या असतात, पण राहावयाचे ते आकड्याइतकेच दिवस. शेवटच्या तारखेपर्यंत हक्क आहे असे समजून बसणाऱ्याला परतीच्या विमानतळावर खुलासे देत उभे राहावे लागते. व्हिसा म्हणजे आत घेण्याचे वचनही नव्हे. सीमेवरचा अधिकारी कारण, पैसा, विमा आणि परतीचे तिकीट पुन्हा विचारू शकतो, आणि त्याच्याही आधी मुंबईच्या काउंटरवर विमान कंपनीचा कारकून हे सर्व तपासतो, कारण कागद अपुरे असलेला प्रवासी नेल्यास दंड कंपनीला होतो. ऑक्टोबर 2025 पासून युरोपाच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा व बोटे संगणकात नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा दिवस मोजण्यात हयगय आता खपणार नाही, आणि बोटांचा प्रसंग तेथेही यावयाचाच. म्हणून गृहस्थांनी संपूर्ण फाइलीची एक नक्कल बाईंच्या हातात दिली व ती मोठ्या बॅगेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवण्याची ताकीद दिली.

"त्याच पिशवीत तुपाची बरणी ठिवू का?" बाईंनी विचारले.

दूध व दुधाचे पदार्थ बाहेरून स्वतःच्या सामानातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, हे गृहस्थांनी त्यांना समजावून सांगितले. बाळंतिणीसाठी केलेले घरचे तूप असले तरीही.

बाईंनी थोडा विचार केला. "तिकडं दूध तर मिळतंय ना?"

"मिळतं की."

"मग तिथंच कढवीन."