अद्भुत कादंबऱ्यांचे वाचन

अद्भुत कादंबरी वाचणे म्हणजे कालापव्यय, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी समजतात. आम्हांस तसे वाटत नाही. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांचे खरेखुरे दुःख दाखविले. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली. तीत विलक्षण योगायोग व संकटांची परंपरा. पहिलीने दुःख पाहावयास शिकविले, दुसरीने त्यातून सुटका कल्पावयास.

चाळीतील एका खोलीत वाढणाऱ्या मुलास ही दुसरी विद्या थोडकी नव्हे. मनाने अरण्ये व राजवाडे हिंडून आल्यावर खोली लहान वाटेल खरी; परंतु जग तेवढेच नाही, हे त्यास कळते.

विद्यार्थिमित्रहो, १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या भोईवाड्यानजीक दादरला आहे. तेथे अवश्य जावे. मात्र अभ्यास आटोपून!