ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं? मग ब्रश थांबवू नका

बेसिनमध्ये थुंकलेला फेस गुलाबी दिसला की बरेच जण टूथपेस्ट तरी बदलतात, नाहीतर त्या बाजूला ब्रश लावणंच बंद करतात. ही दुसरी सवय जास्त महागात पडते. कारण बहुतेक वेळा रक्त येतं ते तिथे नीट घासलं जात नाही म्हणून.

नेमकं काय होतं?

दात आणि हिरडी जिथे मिळतात, त्या कडेला जंतूंचा चिकट थर सतत साचत असतो. यालाच 'प्लाक' म्हणतात. तो रोजच्या रोज निघाला नाही तर हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला तरी रक्त येतं.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं चक्क बंद करायला लावलं. (त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दुसरं कोण तयार होणार म्हणा!) १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्याही झाल्या. हा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला.

घासायचं कसं?

मऊ ब्रश घ्या. तो हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत तिरका टेकवा आणि जागच्या जागी हलकेच हलवा, मग पुढच्या दातांकडे सरका. भांडी घासल्यासारखं जोर लावून आडवं घासलं तर हिरडी मागे सरकते, दात झिजतात आणि मग गार पाणीही झोंबतं. दाढांची आतली बाजू सगळ्यात जास्त राहून जाते. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी २ मिनिटं पुरतात. त्यातली रात्रीची वेळ अजिबात चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. पेस्ट फ्लोराइडची असावी, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतली लांबलचक पट्टी फक्त ट्यूब लवकर संपवते.

क्लिनिंगने दात सैल होतात का?

नाही. प्लाक बरेच दिवस राहिला की कडक होतो आणि दातांवर पिवळट खडा धरतो. तो ब्रशने निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढावा लागतो. अनेकदा आधीच हललेले दात या खड्याच्या आधाराने उभे असतात. खडा गेला की ते हलताना जाणवतात आणि बिल मात्र क्लिनिंगच्या नावावर फाडलं जातं.

मशेरीचं काय?

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला देशात १९९२ मध्ये बंदी आली, तरी घरात भाजलेली मशेरी आजही अनेक आजी-मावश्यांच्या डबीत असते. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी आहे. त्यांच्या हिरड्या आतून खराब असल्या तरी रक्त कमी येतं, त्यामुळे आजार उशिरा कळतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, दात हलतोय, पू येतोय किंवा तोंडात बरा न होणारा व्रण आहे, तर थांबू नका. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या. वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.